निस्ताराची जमीन

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यानंतर मध्यप्रांतात जमाबंदीची जी नवी व्यवस्था बसविण्यात आली, तिच्या दफ्तरात खसरा आणि नकाशा यांच्या जोडीने मौजाच्या नावाचा आणखी एक कागद पुढे ठेवला जाऊ लागला आणि त्याला ‘वाजिब-उल-अर्ज’ असे फारसी नाव होते. शेताचा क्रमांक, कुळाचे नाव आणि साऱ्याची रक्कम या गोष्टी इतर कागदांत असत. परंतु ज्या वस्तू कोणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या आणि तरीही ज्यांच्यावाचून गावाचा एक दिवस निभावत नसे, त्यांची वहिवाट या कागदात नमूद होई. गुरे कोणत्या पडिकात चरावयाची, सरपण कोठून आणावयाचे, तळ्याचे पाणी कोणी कशासाठी घ्यावयाचे, खळे कोठे घालावयाचे आणि वाट कोणाच्या बांधावरून जावयाची, या साऱ्या हक्कांना मिळून ‘निस्तार’ म्हणतात. भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील वाचकांना हा शब्द नवा नाही. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाने गायरान आणि गावठाण हे दोन शब्द एकत्र आणून त्यांत तळे आणि रान मिसळले, म्हणजे त्याला त्याचा अर्थ पुष्कळसा कळेल.

हा जुना कागद आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. लहान मुले असलेली दांपत्ये बिऱ्हाड हलविण्याचा विचार करू लागली म्हणजे शाळा, दवाखाना, घरभाडे आणि नोकरीचे अंतर यांची विचारपूस मोठ्या दक्षतेने करतात. परंतु मूल घराचा उंबरा ओलांडल्यावर कोठे जाणार, त्याच्या पायांखाली माती असणार की फरसबंदी, आणि ते ज्या झाडाखाली खेळेल ते झाड कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी, आणि पुष्कळदा घर घेतल्यानंतरच, त्यांच्या मनात येतो. छत्तीसगडातील भिलाईच्या दक्षिणेस असलेल्या उतईसारख्या गावाचा आणि त्याच्या परिसराचा गेल्या पावणेतीन शतकांचा इतिहास मी जितका वाचला आणि पाहिला, तितका मला हाच प्रश्न पहिला वाटू लागला. कारण या भूमीवर जी जी कुटुंबे लेकराबाळांसह नांदली, ती कोणत्या ना कोणत्या सामाईक मोकळ्या जमिनीच्या आधाराने नांदली, आणि ती जमीन प्रत्येक वेळी कोणीतरी जाणूनबुजून राखून ठेवली म्हणून उरली.

छत्तीसगडचा मराठ्यांशी संबंध १७४१ साली आला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जात असता त्यांनी रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमविले. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून राज्य करीत होते. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधविलेले आहे, आणि विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची चाल त्यांच्यापासून त्या प्रांतात रूढ झाली असे परंपरा मानते. त्यांच्या पश्चात नागपूरहून सुभे नेमले जाऊ लागले, आणि विठ्ठलराव दिनकर या सुभ्याने जुने गढ मोडून परगण्यांची रचना केली. सुभ्यांच्या या अमलाबद्दल अभिमान बाळगण्यासारखे मला फारसे आढळत नाही. दूरच्या राजधानीतून आलेला अंमलदार वसुलाकडे पाहतो, गावाकडे पाहत नाही, हे त्या काळीही खरे होते, आणि रयतेने त्याचा भार सोसला.

परंतु अंमलदार बदलत असताना गावाच्या आत एक निराळीच व्यवस्था शांतपणे चालू होती. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: काळी भारी ती कन्हार, पिवळसर हलकी ती मटासी, दोहोंच्या मिश्रणाची डोरसा, आणि मुरमाड, तांबडी, पिकाला निरुपयोगी ती भाटा. एकाला सारी कन्हार आणि दुसऱ्याला सारी भाटा असा अन्याय होऊ नये म्हणून गावाची जमीन जातवार तुकड्यांत विभागून नांगराच्या प्रमाणात प्रत्येक कुटुंबाला प्रत्येक जातीचा वाटा देण्याची, आणि काही वर्षांनी विषमता वाढली किंवा नवी माणसे वसावयास आली म्हणजे ती वाटणी पुन्हा मांडण्याची चाल तेथे होती. तिला ‘लाखाबाटा’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांना, मालकीचे आणि कुळांना कायम वहिवाटीचे हक्क मिळाले तेव्हा ही चाल हळूहळू मावळली. तिच्यात दोषही असतील. जी जमीन उद्या दुसऱ्याकडे जाणार तिला बांध कोण घालणार, असे बंदोबस्त करणारे अधिकारी म्हणत, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही बाहेरून आलेल्या कुटुंबाला गावाने कसे सामावून घ्यावे, याचा इतका उघड आणि उदार नियम आपल्याकडील वतनी गावगाड्यात मला दिसत नाही. आपल्याकडे उपरी कुळ पिढ्यान्‌पिढ्या उपरीच राहू शकत असे.

लाखाबाटा गेली तरी निस्तार राहिला. दुर्ग जिल्ह्याच्या या सपाट धानाच्या मुलखात गाव म्हणजे प्रथम तळे. तेथील बोलीत त्याला तरिया म्हणतात. कोरी म्हणजे वीस, या हिशेबाने सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी ज्या गावात असतील ते गाव थोर, अशी लोककथेतली मोजणी आहे, आणि याच जिल्ह्यातील धमधा या गावाचे नाव त्या मोजणीशी जोडलेले आहे. तळे खणून झाल्यावर त्याचे यथाविधी लग्न लावीत आणि मध्यभागी लाकडाचा खांब रोवीत. ज्या तळ्याचे लग्न लागले ते घरातले झाले, त्याला कोणी परके मानावयाचे नाही. तळ्याच्या पारावर वड, पिंपळ आणि कउहा म्हणजे आपला अर्जुन. पाराच्या पलीकडे गुरे गोळा होण्याची दइहान. दइहानीच्या कडेला आंबराई. सुगीनंतर रिकामे झालेले बियारे, म्हणजे खळी. मुलांच्या खेळासाठी म्हणून निराळी जागा राखण्याचे कारणच नव्हते, कारण निस्ताराच्या यादीतले प्रत्येक स्थळ दिवसाच्या कोणत्या ना कोणत्या प्रहरी मुलांचे होते. गुरे रानात गेली की दइहान गिल्लीदांड्याची. धान घरात गेले की बियारा खुडव्याचा, म्हणजे हुतुतूचा. दुपारी पाराची सावली मुलींच्या फुगडीची आणि बाटी-भौंऱ्याची, म्हणजे गोट्या-भोवऱ्याची. हरेलीला, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येला, बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालणारे पोर आजही त्या भागात पाहावयास मिळते. आणि २०२२ साली राज्य सरकारने छत्तीसगडिया ऑलिंपिक म्हणून ज्या क्रीडास्पर्धा सुरू केल्या, त्यांत गेडी, भौंरा, बाटी आणि फुगडी यांना अधिकृत स्थान मिळाले. ज्या खेळांना कधी मैदान आखावे लागले नव्हते त्यांना आता पंच आणि रेषा मिळाल्या. त्यांचे कौतुक झाले याचा मला मनापासून आनंद आहे. दइहान उरली असती तर आनंद दुणावला असता.

हे चित्र केवळ सुखाचे नव्हते. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ या मुलखावर कोसळला तेव्हा तळी आटली, आणि छत्तीसगडातील कुटुंबेच्या कुटुंबे कडेवर मूल घेऊन आगगाडीने आसामच्या चहामळ्यांकडे व इतर मजुरीच्या ठिकाणी निघून गेली. स्थलांतराचा विचार करताना या माणसांचे स्मरण मला नेहमी होते, कारण त्यांनी गाव निवडले नव्हते. ज्या गावात मूल जगेना ते त्यांनी सोडले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तांदुळा नदीवर जे धरण बांधण्यात आले आणि ज्याचे कालवे दुर्गच्या धानाच्या खारांत, म्हणजे शेतांच्या पट्ट्यांत, उतरले, त्याच्या पाठीमागे हीच दुष्काळाची धास्ती होती. ते पाणी पुढे कोणत्या कामी येणार आहे याची कल्पना त्या वेळी कोणाला असणे शक्य नव्हते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये पोलादाच्या कारखान्याचा करार झाला आणि त्यासाठी भिलाईची जागा ठरली. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्या दिवशी भिलाई ज्या मध्यप्रदेश राज्यात होती त्या राज्याची राजधानी नागपूर होती. वऱ्हाड, नागपूर, भंडारा येथून जो ओव्हरसिअर, जो कारकून, जो मास्तर, जी परिचारिका भिलाईस निघाली, ती आपल्याच राज्यातील दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाल्याच्या भावनेने निघाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि कारखान्याच्या पायाचे खोदकाम चालू असतानाच ही कुटुंबे जागची न हलता परप्रांतीय झाली. त्यांतील पुष्कळ परत गेली नाहीत. त्यांनी गणेशोत्सव मांडला, मुलांना घरी मराठी आणि बाहेर हिंदी शिकविली, आणि अंगणात शिकविण्याची गरज न पडता मुले छत्तीसगडी शिकली.

माळावर कारखाना उभारून त्याच्या भोवती कुटुंबांचे गाव वसविणे ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नव्हती. बेळगावातील जागा नगरपालिकेला हवी झाल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आपला कारखाना नेला. ती जमीन औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिली होती. सापविंचवांच्या त्या ओसाड जागी प्रथम आलेल्या मूठभर कुटुंबांनी झाडे लावून किर्लोस्करवाडी उभी केली, आणि बायकामुले आनंदाने राहतील अशी वसाहत झाल्यावाचून यंत्रांचे काम धड चालणार नाही हे लक्ष्मणरावांनी फार लवकर ओळखले होते. त्याही आधी, १९०२ साली, जमशेटजी टाटांनी आपल्या पुत्राला लिहिलेल्या पत्रात भावी पोलादनगरीसाठी रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, विस्तीर्ण हिरवळी आणि खेळांची मैदाने यांचा आग्रह धरला होता. या दोन्ही पुरुषांनी यंत्रांइतकाच माणसांच्या राहण्याचा आणि झाडांचा विचार केला, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

भिलाईची नगररचना सेक्टरांची आहे. प्रत्येक सेक्टरात त्याची शाळा, त्याचा बाजार, त्याचे उद्यान आणि मैदान. मोठी वाहने कडेच्या रस्त्यांनी जावीत आणि मुलाने शाळेत चालत जावे, असा तिचा साधा न्याय. क्वार्टर लहान असे, परंतु त्याच्या मागेपुढे बागेपुरती जमीन असे. आणि आज त्या नगरीत कडुनिंब, गुलमोहर आणि आंब्याची जी दाट छाया दिसते ती पुष्कळशी त्या पहिल्या पिढीच्या हातची आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मात्र जी मोकळी जागा नगरीला मिळाली ती काही रिकामी नव्हती. जमिनी संपादन झालेल्या गावांच्या दइहानी, तळी आणि आंबरायाही त्यांच्याबरोबर गेल्या, आणि ज्या मुलांचे पार गेले त्यांतली सारीच काही सेक्टरांतल्या उद्यानांत खेळावयास आली नाहीत. भिलाईविषयी प्रेमाने लिहिणाऱ्याने हे ऋण लिहून ठेवलेच पाहिजे.

याच सुमारास, १९५८ साली, गजानन माधव मुक्तिबोध नागपूर सोडून दुर्गच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी, आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे मान्यवर कवी. नोकऱ्या, शहरे आणि भाड्याची घरे बदलून थकलेल्या या संसाराला संस्थानी राजवाड्यात भरणाऱ्या त्या महाविद्यालयाच्या आवारात, राणीसागर आणि बूढासागर या तळ्यांच्या सान्निध्यात निवारा मिळाला. १९६४ च्या सप्टेंबरात ते निवर्तले, म्हणजे अवघी सहा वर्षे त्यांना तेथे लाभली; परंतु त्यांच्या उत्तम लेखनाचा मोठा भाग त्या सहा वर्षांतला आहे. एका कवीच्या आयुष्यावरून स्थलांतराचा नियम काढू नये हे खरेच. तरीही घराशेजारी पाणी आणि झाडे असणे ही कुटुंबाला परवडणारी चैन नसून, श्रमलेल्या माणसाला पुन्हा उभे करणारी गोष्ट असू शकते, याची साक्ष मी अन्यत्र शोधावयास जात नाही.

१९५९ हे वर्ष झोतभट्टीमुळे सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून मध्यप्रदेशची भू-राजस्व संहिता अमलात आली, हे मात्र दफ्तरे चाळणाऱ्यांनाच ठाऊक असते. मालगुजारी १९५१ साली नष्ट झाली होती आणि गावाचे पडीक, तळी व रान सरकारजमा झाले होते. तेव्हा निस्ताराचे काय करावयाचे हा प्रश्न उरला होता. संहितेने वाजिब-उल-अर्ज हे नाव जसेच्या तसे ठेवले, प्रत्येक गावासाठी निस्तारपत्रक तयार करण्याची तरतूद केली, आणि सरकारी जमिनीपैकी काही जमीन जिल्हाधिकाऱ्याने गावाच्या सामाईक उपयोगासाठी राखून ठेवावी असे २३७ व्या कलमात सांगितले. त्या कलमातील यादी वाचण्यासारखी आहे: चराई, सरपण, स्मशान, गावठाण, पडाव, खळे, बाजार, खताचे खड्डे, आणि शेवटी सार्वजनिक कामांत शाळा, रस्ते आणि गटारे यांच्या रांगेत खेळाची मैदाने व उद्याने. शतकानुशतके जे न लिहिता चालत होते ते येथे प्रथमच मुलांच्या नावे लिहिले गेले, असे मी या ओळीविषयी मानतो. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी निराळे झाले तेव्हा हाच कायदा त्याच्याकडे आला.

आणि आता उतई. भिलाईच्या नगरीची हद्द जेथे संपते तेथे मरोदा लागते. तांदुळ्याचे कालव्यातून आलेले पाणी कारखान्यासाठी तेथे साठविलेले आहे, आणि १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेली मैत्रीबाग तेथेच आहे. तिच्यातील पांढरे वाघ, छोटी आगगाडी आणि तलाव यांच्या आठवणींवाचून भिलाईत वाढलेल्या माणसाचे बालपण सांगून होत नाही. दल्लीराजहऱ्याहून लोहखनिज आणणारा रेल्वेचा फाटा मरोद्यावरून जातो. त्या बाजूने आणखी दक्षिणेस गेले की धानाची खारे सुरू होतात आणि उतई येते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलाचे प्रशिक्षण केंद्र येथे असल्याने देशाच्या कानाकोपऱ्यातील तरुण काही महिने या मातीवर धावून जातात. गावाला आता नगरपंचायत आहे. कारखान्याचे क्वार्टर नोकरीपुरते असते. सेवानिवृत्तीनंतर घर बांधावयाचे झाले म्हणजे नगरीतली माणसे रिसाली, मरोदा, उतई या दिशेला जमीन पाहू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग लहान मुले असलेली तरुण कुटुंबेही येतात.

त्यांनी यावे की नाही, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम दोष सांगेन. वैशाखात येथले ऊन मुलाला सकाळी आठनंतर घरात बसविते. पावसाळ्यात धानाच्या बांधांवर विषारी साप असतात, म्हणून जमिनीवर निजू नये आणि अंधारात पायांत चपला व हातात दिवा असावा, हे पोराला पाटीपेन्सिलीआधी शिकवावे लागते. तळ्याचा पार सुंदर खरा, परंतु पोहता न येणाऱ्या मुलाला त्यावर एकटे सोडणे हा अपराध आहे. आजारी मूल घेऊन मोठ्या रुग्णालयाकडे जावयाचे तर भिलाई किंवा दुर्ग गाठावे लागते. एवढे सांगून झाल्यावर मी म्हणेन, की यावे. आणि घर पाहण्याआधी पटवाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, जाऊन नकाशा पाहावा. चराईचा खसरा क्रमांक कोणता, तळ्याची हद्द कोठवर, मैदान म्हणून नोंदलेली जमीन अजून मैदानच आहे की तिच्यावर भिंत आली आहे, हे एका सकाळीत कळते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका गावच्या तळ्याच्या दाव्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा जो निर्णय दिला, त्यामुळे अशा चौकशीला आज बळ आले आहे. ज्या प्लॉटाची जाहिरात ‘उद्यानासमोर’ अशी असते त्या उद्यानाचा मालक कोण, हे ज्याने विचारले नाही त्याने आपल्या मुलाचे अंगण दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवले.

कागदापलीकडची खूण मात्र ऋतूवर सोडावी लागते. आपली श्रावणी अमावास्या ती तेथील भादोची. आपण पोळा म्हणतो, ते पोरा म्हणतात. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, आणि तो दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असे सांगतात. मुले लाकडी बैल सजवून निघतात. उतईकडे त्याच अमावास्येला मुलाच्या हाती मातीचा नांदिया बैल येतो, त्याला मातीचीच चाके असतात, आणि मुलींना मातीची चूल व जाते मिळते. विदर्भातून आलेल्या कुटुंबातील मूल दोन्ही दिवस बैल घेऊन बाहेर पडते. मग शेते पिवळी होतात, धान कापून बियाऱ्यात येते, आणि पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. त्या सकाळी मुलांच्या टोळ्या खांद्याला झोळ्या अडकवून दारोदार धान मागतात, आणि ते मागणे भिक्षा नव्हे, सुगीतला मुलांचा वाटा होय. जुने घर आणि नवे घर असा भेद त्या टोळ्या करीत नाहीत. यंदाच राहावयास आलेल्या बिऱ्हाडाचे दारही त्या तितक्याच हक्काने वाजवितात. धान नसेल तर ओंजळभर तांदूळ चालतात. आणि दारात उभे राहून पाहणारे घरातले मूल, आईने दिलेली पिशवी खांद्याला लावून, पुढच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर जाते.